लोकसभेला एक, विधानसभेला दुसरं: मग आपल्या भागाचा कल नेमका कुठला?

प्रश्न असा आहे: "आमचा नांदेड जिल्हा शंकरराव चव्हाणांच्या काळापासून काँग्रेसचा. २०२४ च्या जूनमध्ये खासदार काँग्रेसचा दिला आणि नोव्हेंबरमध्ये नऊच्या नऊ आमदार महायुतीचे. पाच महिन्यांत माणसं एवढी बदलतात का? आणि एखादा भाग खरंच फिरलाय हे ओळखायचं कसं?"

बूथनिहाय आकडे काढणं आणि गावोगाव फिरून मतदारांशी बोलणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात उत्तर असं की पाच महिन्यांत निकाल फिरतो, भागाचा कल फिरायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि ह्या दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकलं की टीव्हीवरच्या रंगीत नकाशानं माणूस गोंधळत नाही.

तुमच्या नांदेडपासूनच सुरुवात करू, कारण २०२४ ला तिथं जे झालं तसं उदाहरण अभ्यासाला सहसा मिळत नाही. जूनमध्ये काँग्रेसचे वसंतराव चव्हाण निवडून आले, ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं, आणि लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेच्याच दिवशी, २० नोव्हेंबरला लागली. म्हणजे तोच बूथ, तीच यादी, तोच माणूस, आणि त्याच्यासमोर दोन मशीन. निकाल काय लागला तर नांदेड लोकसभेत येणारे सहाच्या सहा विधानसभा मतदारसंघ (भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड) महायुतीकडं गेले आणि लोकसभा वसंतरावांचे चिरंजीव, काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांनी राखली. इथं "पाच महिन्यांत मन बदललं" हे कारण चालतच नाही, कारण पाच मिनिटांचं पण अंतर नव्हतं!

त्या निवडणुकीनंतर नायगावकडच्या एका गावात बायकांशी बोलत होते. एका ताईंनी सरळ सांगितलं, "खासदाराचं मत गेलेल्या माणसाच्या घराला दिलं, आन् आमदाराचं ज्याच्यामुळं खात्यात पंधराशे आले त्याला. दोन मशीन होत्या की." शेजारी त्यांचे दीर बसलेले, ते म्हणाले आमच्यात असं काही नसतं, आमचं सगळं घर एकाच चिन्हाला. ताई काही बोलल्या नाहीत, फक्त मान हलवली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण "घराचं मत", "गावाचं मत", "समाजाचं मत" असं आपण जे धरून चालतो त्याच्या आत कितीतरी मतं अशी शांतपणे वेगळी पडत असतात आणि ओट्यावर चार पुरुषांना विचारून ती कधीच सापडत नाहीत. बाईशी वेगळं बोलावं लागतं, वस्तीवर वेगळं जावं लागतं, तांड्यावर वेगळं.

आता बालेकिल्ल्याची गोष्ट. नांदेड काँग्रेसचा बालेकिल्ला हे वाक्य मी पण लहानपणापासून ऐकलंय, आणि त्यात तथ्य आहेच. २०१४ च्या मोदी लाटेत अख्ख्या महाराष्ट्रात काँग्रेसचे दोनच खासदार आले, नांदेडला अशोक चव्हाण आणि शेजारी हिंगोलीला राजीव सातव. २०१७ ला नांदेड महापालिकेत काँग्रेसनं ८१ पैकी ७३ जागा घेतल्या, तेही राज्यात आणि दिल्लीत भाजपचं सरकार असताना. पण त्याच नांदेडनं १९७७ ला शेकापचे केशवराव धोंडगे दिले, १९८९ ला जनता दलाचे व्यंकटेश काबदे दिले, २००४ ला भाजपचे डी. बी. पाटील दिले, २०१९ ला अशोक चव्हाणांनाच हरवून प्रताप पाटील चिखलीकर दिले. म्हणजे साधारण दर दहा-पंधरा वर्षांनी बालेकिल्ला पडतोच आहे, फक्त लोकांच्या आठवणीत विजय राहतात आणि पराभव गळून जातात. म्हणून "आमचा भाग पहिल्यापासून अमक्याचा" असं कोणी सांगितलं की आधी जुने निकाल काढून बघायचे, नेहमी दोन-तीन खाडे सापडतातच.

दुसरी गोष्ट, जागा आणि मतं. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. १९९६ ला महाराष्ट्रात युतीच्या ३३ जागा (भाजप १८, सेना १५) आणि काँग्रेसच्या १५. दोनच वर्षांनी १९९८ ला युती १० वर आली, काँग्रेस ३३ वर गेली आणि काँग्रेसच्या साथीनं रिपब्लिकन नेते चार ठिकाणी खुल्या जागांवरून निवडून आले: अकोल्यात प्रकाश आंबेडकर, अमरावतीत रा. सू. गवई, चिमूरला जोगेंद्र कवाडे आणि मुंबईत रामदास आठवले. दोन वर्षांत महाराष्ट्र हिंदुत्वाकडून सेक्युलर झाला का? अजिबात नाही, आधी फुटणारी मतं एकत्र आली एवढंच झालं. उलट बाजूनं बघायचं तर २०१९ चं नांदेड घ्या. अशोक चव्हाण चाळीस हजारांच्या आसपास मतांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला दीड लाखाच्या वर मतं होती. मराठवाड्यातच औरंगाबादला एमआयएमचे इम्तियाज जलील साडेचार हजारांनी निवडून आले तेव्हा अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांच्या वर मतं घेतलेली. ह्यातल्या एकाही निकालावरून त्या जिल्ह्याचा "कल बदलला" असं मी म्हणणार नाही, तिथं मतविभागणीनं गणित बदललं. ज्यांची मतं फुटतात त्यांचा कल पण कल असतो आणि त्यांना "मतं खाणारे" म्हणून सोडून देणं मला पटत नाही, पण तो वेगळा विषय.

२०२४ च्या लोकसभेला राज्यात दोन्ही आघाड्यांची मतं टक्केवारीत जवळपास सारखीच होती, जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ (एक सांगलीचे अपक्ष). जिथं लढत एवढी जवळची असते तिथं थोडी मतं इकडची तिकडं झाली की अख्खा नकाशा दुसऱ्या रंगाचा दिसतो. मराठवाड्यात आठपैकी सात खासदार आघाडीचे आणि पाच महिन्यांनी ४६ पैकी बहुतेक आमदार महायुतीचे हे त्याचंच रूप आहे. मधल्या काळात लाडकी बहीण आली, लोकसभेला घरी बसलेला महायुतीचा मतदार बाहेर पडला, लोकसभेला जे मराठा, दलित आणि मुस्लिम मतदान एका बाजूला गोळा झालं होतं ते विधानसभेला जागोजागच्या उमेदवारांत विखुरलं, आणि अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर मराठा मतदान जसं एकवटलं होतं तसं दुसऱ्या बाजूला ओबीसी मतदानही एकवटलं. ह्यातला एकेक भाग बघितला तर मन बदललेला माणूस तसा थोडाच सापडतो. जास्त करून कोण आला, कोण नाही आला, आणि कोण कोणाबरोबर गेला ह्यानंच निकाल बनतो.

पक्षाची टक्केवारी सलग लावताना पण जपून. भाजपचा राज्यातला वाटा २०१४, २०१९, २०२४ ह्या तिन्ही विधानसभांना साधारण २६ ते २८ टक्क्यांत आहे आणि जागा १२२, १०५, १३२. बघणारा म्हणतो जैसे थे. पण २०१४ ला पक्ष जवळपास सगळीकडं स्वबळावर लढला होता आणि २०२४ ला निम्म्याच जागा लढवल्या, म्हणजे लढवलेल्या जागांवरचा वाटा कुठल्या कुठं गेला, आणि त्यात मित्रपक्षांची मतं किती हे राज्याच्या एका आकड्यातून कळत नाही. किती जागा लढवल्या हे विचारल्याशिवाय टक्केवारीवर बोलूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग खरा बदल कसा असतो? त्यासाठी विदर्भ बघावा लागतो, कारण तिथं तो झालाय आणि त्याला किती वेळ लागला हे पण दिसतं.

१९७७ ला आणीबाणीनंतर उत्तर भारतात काँग्रेस साफ झाली तेव्हाही विदर्भ बहुतांशी इंदिराबाईंबरोबर राहिला, आणि ७८ च्या विधानसभेला काँग्रेस फुटलेली असताना त्यांच्या गटाचे जे ६२ आमदार आले त्यांचा मोठा हिस्सा विदर्भाचाच. ह्या पाठिंब्याचा पाया म्हणजे तिकडं ज्याला डीएमके म्हणतात तो, दलित, मुस्लिम, कुणबी. त्यात वसंतराव नाईकांमुळं बंजारा समाज. आणि नागपूर? संघाचं मुख्यालय त्या शहरात, पण १९९६ ला बनवारीलाल पुरोहित (जे त्याआधी काँग्रेसचे खासदार होते) भाजपकडून जिंकले तेवढं एक सोडलं तर २०१४ ला गडकरी येईपर्यंत नागपूरनं भाजपचा खासदार दिलाच नाही. ९८ पासून २००९ पर्यंत सलग चार वेळा काँग्रेसचे विलास मुत्तेमवार. पण त्याच काळात पदवीधर मतदारसंघ भाजपचा, महापालिकेत भाजप वाढत चाललेला, शहरातले आमदार एकेक करून भाजपचे होत चाललेले. लोकसभेचा निकाल सगळ्यात शेवटी बदलला, खालचं आधीच बदललं होतं. खरा बदल बहुतेक वेळा असाच खालून वर येतो. बाजार समिती, नगरपालिका, झेडपी, मग आमदार, मग खासदार. ज्या भागात फक्त वरचा निकाल बदललाय आणि खालची माणसं तीच आहेत तिथं मी थांबून बघते, घाई करत नाही.

विदर्भात खाली नेमकं काय झालं? भाजपनं तेली, माळी, पोवार असे एकेक ओबीसी समाज धरून माणसं उभी केली, त्यांना आधी छोटी पदं दिली, मग तिकिटं दिली. भाजपच्या वसंतराव भागवतांनी माळी-धनगर-वंजारी असा जो माधव पॅटर्न राज्यात मांडला त्याचाच हा वैदर्भीय अवतार. पश्चिम विदर्भात ८० च्या दशकाच्या शेवटी शिवसेना गेली, काँग्रेसमध्ये ज्यांना कधी जागा मिळाली नव्हती ती तरुण पोरं तिनं उचलली. दुसरीकडं कापूस आणि सोयाबीनवाला शेतकरी भावानं आणि कर्जानं पिचत गेला आणि सत्तेत वर्षानुवर्षं तेच लोक दिसत होते. वडील काँग्रेसचे, मुलगा सेनेचा, नातू भाजपचा अशी घरं यवतमाळ-वाशिमकडं मी ढिगानं बघितलीत, आणि त्यात कोणीच पक्ष "बदललेला" नसतो, प्रत्येकानं पहिलं मत जिथं टाकलं तिथंच तो बराच काळ राहिला. पिढी बदलली म्हणून भाग बदलला. हे सगळं साचत साचत २०१४ ला विधानसभेत ६२ पैकी ४४ भाजप असं दिसलं, आणि सगळ्यांना वाटलं लाट आली.

पण पुढं बघा. २०१९ ला तेच ४४ चे २९ झाले. २०२४ लोकसभेला दहापैकी सात आघाडीचे. भाजपची "चारशे पार" ही घोषणा म्हणजे संविधान बदलणार ही भीती दलित वस्त्यांत खोलवर गेली होती, सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली होता, कुणबी मतदान बरंच परत फिरलं. आणि नोव्हेंबरला भाजप पुन्हा चाळिशीच्या जवळ. म्हणून विदर्भ "भाजपचा झाला" हे मला अर्धवट वाटतं. विदर्भ एका पक्षाचा होता, आता तो दोघांचा झालाय, हा बदल पक्का आहे आणि तो आता मागं जाईल असं मला वाटत नाही. कुठल्या वेळी कोण जिंकेल हे तिथल्या मधल्या मतदारावर, मुख्यतः शेतीवर जगणाऱ्यावर ठरतं.

कधी कधी माणसांचं मन तसंच राहतं आणि माणसंच जागा सोडतात. मुंबईचं गिरणगाव घ्या. लालबाग-परळ म्हणजे कम्युनिस्टांचा भाग. १९७० ला आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, त्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाईंना हरवून वामनराव महाडिक आले, शिवसेनेचे पहिले आमदार. तरी १९८४ ला, म्हणजे गिरणी संपानंतर आणि इंदिराबाईंच्या हत्येच्या सहानुभूतीच्या लाटेत सुद्धा, त्याच कामगारांनी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवलं. एकच माणूस संपासाठी लाल झेंड्याखाली आणि गल्लीत शाखेवर असं तिथं घरोघर होतं. नंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारकडं सरकली. आज तिथला कल ५० वर्षांपूर्वीच्या कलाशी लावून "मतदार बदलला" म्हणणं चूक आहे, कारण त्यातले बरेच मतदार तिथं राहतच नाहीत. ते जिथं गेले तिथं त्यांनी नवा कल तयार केला, आणि २००८ च्या पुनर्रचनेत जुन्या ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या, विदर्भाच्या ६६ वरून ६२. म्हणजे राज्यात कुठल्या भागाच्या मताला किती वजन हेच बदललं. आणि हो, २००८ च्या आधीचा आणि नंतरचा मतदारसंघ नाव सारखं म्हणून शेजारी शेजारी ठेवू नका, बऱ्याच ठिकाणी आतली गावंच वेगळी आहेत.

फार कमी वेळा खरा बदल पटकन होतो, पण त्याला तसंच मोठं कारण लागतं. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्रानं काँग्रेसला झोडपलं, १९६० ला राज्य मिळालं आणि १९६२ ला काँग्रेस २६४ पैकी २१५. प्रश्न सुटला, मतदार परतला, आणि मग सहकारी कारखाने आणि झेडप्यांनी त्याला धरून ठेवलं. गोव्यात तर जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला आणि दोन-तीन महिन्यांत विलीनीकरणवादी मगोपलाच (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) परत निवडून दिलं, त्यांचे नेते बांदोडकरच परत मुख्यमंत्री. प्रश्नावर एक मत, माणसावर दुसरं. नांदेडच्या ताईंनी दोन मशीनवर जे केलं तेच.

आता ओळखायचं कसं. निवडणूक आयोग निकालानंतर फॉर्म २० टाकतो, त्यात प्रत्येक बूथवर कोणाला किती मतं पडली ते असतं. तो काढा. एका गावाचे दोन-तीन बूथ असतात, कुठल्या बूथला गावठाण, कुठल्याला वस्ती, कुठल्याला तांडा हे मतदार यादीवरून कळतं. मग बघा की उमेदवाराची मतं सगळ्या बूथवर सारखी घटलीत का एकाच बूथवर कोसळलीत. सगळीकडं थोडी थोडी घटली असतील तर ती हवा, पुढच्या वेळी भरून येऊ शकते. एकाच प्रकारच्या बूथवर, तालुकाभर, सलग दोन-तीन निवडणुकांत घटत चालली असतील तर तो समाज त्या पक्षाला सोडून चाललाय, हा खरा बदल. एकाच गावात घटली आणि शेजारच्या गावात नाही, तर बहुतेक सरपंचानं किंवा कारखान्याच्या संचालकानं पक्ष बदललाय, ते मत त्या माणसाबरोबर फिरतं. आणि टक्का बघताना एकूण किती मतदान झालं तो आकडा कायम शेजारी ठेवा, कारण पक्षाची मतं तेवढीच राहून दुसऱ्याचा मतदार घरी बसला तरी टक्का वाढतो.

लोकांना "मागच्या वेळी कोणाला दिलं होतं" हे विचारून बदल मोजू नका. निवडून आलेल्यालाच मत दिलं असं सांगणारे प्रत्यक्षात पडलेल्या मतांपेक्षा नेहमी जास्त निघतात. त्यात खोटेपणा असतोच असं नाही, माणसाला पुढं तसंच आठवतं. त्यापेक्षा घरातली कामं कोणाकडं नेता, अडचणीला फोन कोणाला करता, पोरगा कोणाच्या मागं फिरतो हे विचारा.

तुमच्या नांदेडपुरतं सांगायचं तर मी तीन गोष्टींवर लक्ष ठेवून आहे. अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ ला भाजपमध्ये गेले, त्यांच्या मागं पदाधिकारी गेले, पण जूनमध्ये मतदार तेवढा गेला नाही हे वसंतरावांच्या जवळपास साठ हजारांच्या लीडनं दाखवलं. भोकर तालुक्यात नेत्याबरोबर गेलेलं मत आणि पक्षाबरोबर राहिलेलं मत किती, हे तिथल्या दोन मशीनचा फॉर्म २० शेजारी शेजारी लावला की बूथवार दिसतं, आणि ते प्रत्येकानं स्वतः लावून बघावं. दुसरं, नांदेड शहरातलं मुस्लिम आणि दलित मतदान. २०१२ च्या महापालिकेत एमआयएमचे ११ आले होते, २०१७ ला एकही नाही, म्हणजे हे मतदान इकडून तिकडं जाऊ शकतं हे सिद्ध झालेलं आहे, आणि काँग्रेसचा शहरातला सगळा हिशोब त्याच्यावर आहे. तिसरं, २०१४ नंतर पहिलं मत टाकलेली तिशीच्या आतली पोरं. त्यांनी शंकरराव बघितले नाहीत, त्यांना काँग्रेसचा नांदेड ही आठवणच नाही. ही पोरं गावच्या सोसायटीत, ग्रामपंचायतीत कोणाच्या पॅनलमधून उभी राहतायत ते लिहून ठेवा, प्रत्येक निवडणुकीला. खासदारकीचा निकाल त्याच्या बराच मागून येईल.